तारेची निवड

मनुष्याच्या हातून घडलेल्या वस्तूंकडे लक्षपूर्वक पाहिले असता असे दिसून येते की, सांध्यावाचून घडलेली वस्तू त्यांत फारच थोडी. अंगरख्याला शिवण असते, भिंतीच्या दगडांमध्ये चुना असतो, पाटीच्या चौकटीला खिळा असतो. आणि ज्या मोटारगाडीत बसून आमची लहान मुले शाळेत येतात, तिच्या अंगावर तर हजारो सांधे असतात. वस्तू मोडते तीही बहुधा सांध्यापाशीच. असे असूनही सांधा कसा धरतो व का सुटतो याचा विचार आपण सहसा करीत नाही; तो कारागिराचा प्रांत, असे म्हणून मोकळे होतो. वार्षिकाच्या या मराठी विभागात सहलींची वर्णने, चरित्रे व सुविचार वाचण्याची सवय असलेल्या वाचकांस लोखंड जोडण्याच्या तारेवरील निबंध पाहून थोडे आश्चर्य वाटेल. परंतु या विषयाकडे आम्हांस एका लहान मुलीच्या जखमेने वळविले, आणि जे आम्ही त्यातून शिकलो ते विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

हकीकत अशी. मुलांना ने-आण करणाऱ्या एका गाडीची मागील पायरी गंजून हलू लागली होती. गाडीवाल्याने ती रस्त्यालगतच्या एका कारागिराकडून जोडून घेतली व वर रंग दिला. पायरी नवी दिसू लागली. आठ दिवस ती टिकली. नवव्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी ती एका अंगाने सुटली, आणि पाचवीतील एका मुलीचा पाय पत्र्याच्या धारेत जाऊन सात टाके पडले. दवाखान्यात तिच्या आईने आम्हांस एवढेच विचारले, "सर, परवाच तर नीट केली होती ना?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, नीट केलेली वस्तू पुन्हा मोडावी याचा उलगडा तिला होत नव्हता. तो आम्हांसही होत नव्हता. म्हणून आम्ही तो तुटका तुकडा गाडीवाल्याकडून मागून घेतला, व पुणे नाक्याच्या बाजूस मोटारींच्या पत्र्याचे काम करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याकडे घेऊन गेलो.

त्याने तुकडा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "सर, वर बघा, खाली बघा." वरून सांधा जाडजूड व भरीव दिसत होता, धातूचा चांगला उंचवटा आला होता. खालून पाहिले तो काही ठिकाणी पत्र्याच्या कडा एकमेकींस लागल्याच नव्हत्या, आणि काही ठिकाणी त्या जळून कागदासारख्या पातळ झाल्या होत्या. कारण विचारता त्याने जे सांगितले त्याचा सारांश असा. ते काम ३.१५ मिलिमीटर जाडीच्या रॉडने केलेले होते. असा रॉड नीट वितळावयास शंभर अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. पायरीचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नव्हता. प्रवाह पुरेसा ठेवावा तर पत्र्याला भोक पडते. कमी करावा तर रॉड चिकटून बसतो. अशा पेचात सापडलेला कारागीर रॉड टेकवीत व उचलीत वितळलेल्या धातूचे थेंब पत्र्यावर टाकीत जातो. ते थेंब वर बसतात, आत शिरत नाहीत. हा रॉड वाईट नसतो. फाटक, खिडकीचे गज, लोखंडी बाक यांसाठी तो उत्तम. पण त्या कारागिराजवळ सर्व कामांना एकच रॉड होता, आणि पत्र्याने तो मागितला नव्हता.

"सर," तो पुढे म्हणाला, "आमचे वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. सूत घ्यायच्या आधी कापड कोणतं ते ठरायचं. इथंही तसंच. आधी पत्रा विचारायचा, मग तार."

सोलापुरातील पालकांस ही उपमा विशद करून सांगावयास नको. १८७७ साली चालू झालेली 'जुनी मिल' व तिच्यामागून उभ्या राहिलेल्या मोठ्या गिरण्या आता बंद पडल्या असल्या, तरी सुताचा नंबर म्हणजे काय हे येथील घराघरांत ठाऊक आहे. एक पौंड सुतात ८४० वारांच्या लडी जितक्या बसतात तितका त्याचा नंबर. म्हणून आकडा वाढला की सूत बारीक होते. तारेचा हिशेब याच्या उलट आहे. ती मिलिमीटरने मोजतात. आकडा वाढला की तार जाड. मोटारीच्या अंगाच्या पत्र्याला ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार योजतात. तीन मिलिमीटर व त्याहून जाड पट्ट्या, कोन व नळ्या यांच्या सर्वसाधारण कामाला ०.८ पासून १.२ मिलिमीटरपर्यंतची. ज्यास एकाच रिळावर दोन्ही कामे भागवावयाची आहेत, त्याने ०.८ ची घ्यावी. ती पन्नास-साठ अँपिअरवरही शांतपणे वितळते, आणि प्रवाह वाढविला तर मध्यम जाडीचे लोखंडही धरते.

आमच्या गॅरेजांत ज्या पद्धतीस 'सीओटू' म्हणतात, तिच्यात ही तार रिळावर गुंडाळलेली असते. यंत्रातील चाके ती पिस्तुलासारख्या मुठीतून एकसारखी पुढे लोटतात. तीच वीज वाहून नेते व तीच वितळून सांध्यात भरते. तारेचा वेग वाढविला की प्रवाह आपोआप वाढतो. मुठीतून तारेभोवती वायूचा झोत बाहेर पडतो व वितळलेल्या लोखंडास हवा लागू देत नाही. रसायनाची चूर्णे लेपलेला रॉड स्वीडनमधील ऑस्कर केलबर्ग याने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आणला. वायूच्या आवरणात तार वितळविण्याची पद्धत १९४८ साली अमेरिकेतील बॅटेल संशोधन संस्थेत सिद्ध झाली. आणि १९५३ च्या सुमारास कार्बन डायऑक्साइड हा स्वस्त वायू लोखंडाच्या कामी चालतो असे दिसून आल्यावर ती लहान कारखान्यांच्या आवाक्यात आली. 'सीओटू' हे नाव त्या वायूचेच.

रिळाच्या खोक्यावर जी अक्षरे असतात ती मंत्रासारखी गूढ वाटतात, पण ती वाचता येतात. सर्वांत अधिक खपणाऱ्या तारेवर 'ईआर ७० एस-६' असे लिहिलेले असते. यातील ७० म्हणजे सांध्याने दर चौरस इंचास निदान ७०,००० पौंडांचा ताण सोसावा. 'एस' म्हणजे तार भरीव आहे, पोकळ नाही. आणि शेवटचा ६ हा तिच्यातील मिश्रणाचा क्रमांक. या सहा क्रमांकाच्या तारेत मँगनीज शेकडा १.४० ते १.८५ व सिलिकॉन शेकडा ०.८० ते १.१५ असते, तीन क्रमांकाच्या तारेत दोन्ही याहून कमी. ही दोन मूलद्रव्ये वितळलेल्या लोखंडातील प्राणवायू धरून त्याची काचेसारखी मळी करितात व ती पृष्ठभागावर आणून सोडतात. ती नसती तर वायूचे बुडबुडे आत अडकून सांधा चाळणीसारखा झाला असता. जुन्या मोटारीचा पत्रा कितीही घासला तरी थोडा गंज व थोडे तेल मागे राहतेच. ते सोसण्याचे सामर्थ्य सहा क्रमांकाच्या तारेत अधिक, म्हणून दुरुस्तीच्या कामी तिलाच पसंती देतात. तिच्यावरील तांब्याचा मुलामा गंज दूर ठेवतो व वीज सुरळीत जाऊ देतो. तरीही रीळ उघड्यावर टाकून ठेवू नये. गंजलेली तार नळीत अडते व काम मध्येच तुटते.

तारेबरोबर वायूचीही निवड करावी लागते. निव्वळ कार्बन डायऑक्साइड स्वस्त असतो व त्याच्या योगाने उष्णता खोलवर जाते. जाड कामास तो बरा, परंतु ठिणग्या फार उडतात. आरगॉनमध्ये शेकडा वीस-पंचवीस इतका कार्बन डायऑक्साइड मिसळला असता ज्योत मऊ होते, ठिणग्या कमी होतात व पातळ पत्रा सांभाळता येतो. मात्र वाऱ्यापुढे दोन्ही हतबल आहेत. आमच्याकडे पुष्कळ कामे कडुनिंबाच्या सावलीत उघड्यावरच चालतात. आषाढातील वारा सुटला की वायूचे आवरण उडून जाते व सांधा सच्छिद्र होतो. अशा जागी एक तर आडोसा करावा, नाहीतर पोटात चूर्ण भरलेली पोकळ तार घ्यावी. तीमधील एक जात स्वतःच्याच धुराने सांध्याचे रक्षण करते व तिला नळकांडे लागत नाही. पण तिच्या अटी निराळ्या आहेत. भरीव तारेला मूठ धन टोकास जोडतात, हिला ऋण टोकास. चाके खाचांची लागतात व फार आवळली तर पोकळ तार चेपते. वर मळीचा थर बसतो तो खरडून काढावा लागतो. आणि अगदी पातळ पत्र्यावर ती भरीव तारेइतकी सौम्य राहत नाही. तेव्हा शेतातील व अंगणातील कामास पोकळ तार, आणि मोटारीच्या अंगास छपराखाली भरीव तार व मिश्र वायू, हा सर्वसाधारण नियम ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

जाड कामाचे उदाहरण आपल्या जिल्ह्यात शोधावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम लागला की उसाने लादलेल्या ट्रॉल्यांच्या रांगा रस्त्यांवर दिसू लागतात. ट्रॉलीचा साटा, तिचा दांडा व ट्रॅक्टरला अडकविण्याचा हूक यांवर कित्येक टनांचे ओझे हिसके देत असते. तेथे ०.८ ची तार कमी प्रवाहावर चालविली तर वरून सुबक रेघ उमटते, पण आत लोखंड वितळलेलेच नसते. तेथे १.२ ची तार व भरपूर प्रवाह हवा, किंवा 'ई ७०१८' जातीचा कमी हायड्रोजनाचा रॉड भट्टीत तापवून पुरता कोरडा करून वापरावा. कारण ओलाव्यातील हायड्रोजन जाड लोखंडात शिरला की काम थंड झाल्यावर, काही तासांनीसुद्धा, आत तडा जाऊ शकतो. पायरीच्या पत्र्याला जो जाडपणा मारक झाला तोच येथे तारक ठरतो. तेव्हा अमुक तार चांगली व अमुक वाईट असा निवाडा कामावाचून करता येत नाही.

या ठिकाणी एक शंका पालकांच्या मनात येईल, कारण ती आमच्याही मनात आली होती. पत्रा अशक्त असेल तर मिळेल तितकी बळकट तार घ्यावी, म्हणजे उणीव भरून निघेल, असे का नाही? प्रभू येशूने जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावण्याचा दृष्टान्त दिला आहे, तो या शंकेस चांगला लागू पडतो. कोरे ठिगळ आटते, जुन्या वस्त्रास ओढते, आणि फाटलेले अधिकच फाटते. वितळलेले लोखंडही थंड होताना आकुंचन पावते. भोवतालचा पत्रा पातळ असला तर तो त्या ओढीने सुरकुततो, आणि ठिगळ बळकट असले तरी त्याच्या कडेला लागून चीर जाते. सत्तर हजार पौंडांची तार मोटारीच्या साध्या मऊ पत्र्याहून आधीच बळकट आहे. याहून भारी तार घेतल्याने पत्रा बळकट होत नाही. म्हणून कुशल कारागीर पत्र्यावर सलग रेघ ओढीत नाही. एक टिपका येथे, दुसरा वीतभर दूर, मग पुन्हा पहिल्याच्या शेजारी, असे टाके घालीत जातो, म्हणजे उष्णता एका जागी साचत नाही. शिंपीसुद्धा बाही जोडताना आधी दूरदूर कच्चे टाके घालतो.

धातूची ओळख नसता केवळ सांध्यावर विसंबल्याने काय होते याचे एक मोठे उदाहरण इतिहासात आहे. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे 'स्केनेक्टडी' नावाचे नवेकोरे तेलवाहू जहाज गोदीत शांत पाण्यावर उभे असता मोठा आवाज होऊन जवळजवळ दुभंगले. युद्धाच्या घाईत त्या काळची जहाजे रिव्हेटांऐवजी वेल्डिंगने जोडली जात. चौकशीअंती कळून आले की, काही सांधे सदोष होते; पण त्याहून मोठी गोष्ट ही की, त्या वेळचे पोलाद थंडीत ठिसूळ होत असे. रिव्हेटांच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेशी थांबतो. वेल्डिंगने सगळे पत्रे एकजीव झाल्यामुळे त्यास थांबावयास कडाच उरली नव्हती. त्या अनुभवापासून पोलादाची परीक्षा करण्याच्या पद्धतीच बदलल्या. आजच्या मोटारींतही पत्रा एका जातीचा नसतो. दारांमधील उभ्या खांबासाठी काही गाड्यांत अतिकठीण पोलाद योजतात. त्यास नेहमीची उष्णता दिली तर त्याचा कठीणपणा नाहीसा होतो, म्हणून गाडी बनविणाऱ्याचे दुरुस्तीचे पुस्तक पाहिल्यावाचून तेथे हात घालू नये. काही ठिकाणी ते पुस्तक तांबे व सिलिकॉन यांची तार सांगते. ती सुमारे एक हजार अंशांस वितळते, आणि पोलाद स्वतः न वितळता जोडले जाते. अ‍ॅल्युमिनियमला तर अ‍ॅल्युमिनियमचीच तार व शुद्ध आरगॉन लागतो.

पायरीचे काम आमच्या माजी विद्यार्थ्याने पुन्हा केले तेव्हा आम्ही जवळ उभे होतो. त्याने प्रथम बॅटरीच्या तारा सोडविल्या. मग गंजलेला भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापून टाकला. गंजावर कोणतीही तार धरत नाही, असे तो म्हणाला. त्याच जाडीचे दोन टाकाऊ तुकडे घेऊन त्याने आधी त्यांवर सांधा करून पाहिला. यंत्र बरोबर लागले की कढईत भजी तळताना होतो तसा एकसारखा चुरचुर आवाज येतो. तडतड झाली की तार व दाब यांचा मेळ बसलेला नसतो. सांधा थंड झाल्यावर त्याने तो नमुना शेगड्यात धरून हातोड्याने वाकविला, सरळ केला, पुन्हा वाकविला, आणि शेवटी तो तुटला तेव्हा पत्रा फाटला, सांधा तसाच राहिला. एवढी खात्री झाल्यावरच त्याने पायरीला हात लावला. विद्यार्थ्यांनी येथे हेही लक्षात ठेवावे की, त्याच्या तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा होता व आम्हांस त्याने पाठ फिरवून उभे केले होते. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तापला की निघणारा पांढरा धूर छातीत गेल्यास ताप भरतो.

याच दिवसांत दहावीतील एका मुलाचे वडील आम्हांस भेटावयास आले. मुलगा अभ्यासात मध्यम, पण हात अतिशय कुशल. शाळेची मोडकी बाके व पंखे तो आपण होऊन दुरुस्त करतो. त्यास आयटीआयमधील वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करावयाचा होता. वडिलांच्या डोळ्यांत पाणी होते. "सर, मी जन्मभर मागावर उभा राहिलो तो यानं ठिणग्या खाव्यात म्हणून का?" असे ते म्हणाले. त्यांचे दुःख आम्हांस क्षुल्लक वाटले नाही. ज्याने कष्ट भोगले आहेत तो मुलासाठी सावली मागणारच. आम्ही त्यांस उपदेश केला नाही. तुटलेली पायरी व तो वाकविलेला नमुना त्यांच्यासमोर ठेवला, आणि एका मुलीच्या पायाला टाके का पडले ते सांगितले. विणकामात आयुष्य घालविलेल्या त्या गृहस्थांनी नमुना बोटांनी चाचपून पाहिला. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे काम समजून करावं लागतं म्हणायचं." जाताना त्यांनी निर्णय सांगितला नाही, मुलाला विचारून पाहतो, एवढेच म्हणाले. आजवर त्यांनी मुलास विचारलेच नव्हते.

प्रत्येक मुलाने वेल्डर व्हावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु मुलासाठी मार्ग निवडताना कोणता मार्ग सर्वांत भारी व कशाला मान अधिक, हे आपण प्रथम विचारतो. मुलगा कसा आहे, हे मागाहून, आणि पुष्कळदा विचारीतच नाही. बारीक पत्र्यावर जाड रॉड चालविला तर वरून काम भरीव दिसते व आतून जळते. जाड लोखंडावर हलकी तार फिरविली तर ते काही धरीतच नाही. दोन्ही प्रकारची मुले आमच्या वर्गांत बसतात, आणि दोन्ही प्रकारचे हट्ट आम्ही पाहिले आहेत. तो वाकविलेला नमुना विज्ञानाच्या खोलीतील कपाटात ठेवला आहे. विद्यार्थ्यांनी तो हातात घेऊन पाहावा. आणि पालकसभेस येणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही, घरी कोणताही निर्णय करण्यापूर्वी, क्षणभर त्या कपाटापाशी थांबावे, अशी आमची विनंती आहे.